टपाली मत, पण भरवसा टपालावर ठेवू नका

महापालिका निवडणुकीतलं टपाली मतदान ही एक सेवा आहे असं धरून तिची पारख करायची, तर पहिली तक्रार तिच्या नावाबद्दल आहे. 'टपाली' म्हटलं की लाल पेटी, पोस्टमन, आठवडाभर आधी घरी आलेलं पाकीट असं चित्र उभं राहतं. मुंबईत यातलं काही जमणारं नाही, आणि ते का, हे वेळापत्रकावरूनच कळतं. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत अर्ज मागे घ्यायची मुदत २ जानेवारीला संपली. चिन्हवाटप आणि उमेदवारांची अंतिम यादी ३ जानेवारीला झाली, मतदान १५ ला आणि मोजणी लगेच १६ ला. उमेदवार पक्के झाल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. म्हणजे छपाई, वाटप, खूण, साक्षांकन आणि पाकीट परत पोचवणं हे सगळं बारा-तेरा दिवसांत उरकायचं. मतदान आणि मोजणी यांच्यात तर एकच रात्र. लोकसभेला मतदानानंतर मोजणीपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे असतात. तिथे २०२३ पर्यंत पोस्टात टाकलेलं पाकीट उशिरा का होईना पोचायचं. पालिकेत ती सोय नाही. त्यामुळे पाकीट हातात घ्यायचं आणि हातानेच पेटीत टाकायचं, हीच या सेवेची खरी वापरपद्धत.

या सेवेतलं सामान चांगलं आहे. सूचना वाईट आहेत, आणि ही सेवा मिळण्याची खिडकी फारच अरुंद आहे.

खिडकी कुणासाठी उघडते

पालिका निवडणुकीत टपाली मत मुळात निवडणुकीच्या कामावर असलेल्यांसाठी आहे: केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, शिपाई, बंदोबस्तावरचे पोलीस. मुंबईत दहा हजारांच्या वर मतदान केंद्रं लागतात. प्रत्येक केंद्रावर एक केंद्राध्यक्ष आणि तीन-चार अधिकारी धरले तरी नुसत्या मतदान पथकांतल्या माणसांची संख्या चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते. या माणसांचं मत वाचवायला ही सोय आहे. आपल्याकडे सर्वसामान्य मतदाराला आठ दिवस आधी जाऊन मत देऊन येण्याची, म्हणजे आगाऊ मतदानाची पद्धतच नाही. टोरांटोमध्ये २०२२ च्या पालिका निवडणुकीत २४ ऑक्टोबरच्या मतदानाआधी ७ ते १४ ऑक्टोबर अशी आठ दिवसांची खिडकी प्रत्येक मतदाराला खुली होती. शिवाय टपालानेही मत देता येत होतं. मुंबईकराला एकच दिवस मिळतो, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच.

कामावरच्या माणसाला लोकसभेला आणखी एक वाट असते. नेमणूक त्याच्याच मतदारसंघात असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं. सगळे त्याला ईडीसी म्हणतात. ते दाखवून तो जिथे कामावर आहे त्याच केंद्रावर यंत्रावर मत देतो. मुंबईतला लोकसभा मतदारसंघ पंधरा ते अठरा लाख मतदारांचा असतो, त्यामुळे नेमणूक स्वतःच्या मतदारसंघात पडण्याची शक्यता बरी असते. पालिकेचं गणित वेगळं आहे. सुमारे १ कोटी ३ लाख मतदार आणि २२७ प्रभाग, म्हणजे एका प्रभागात सरासरी पंचेचाळीस हजार मतदार. एवढ्या लहान तुकड्यात तुमचं घर आणि तुमची नेमणूक एकत्र येणं दुर्मीळच. म्हणून लोकसभेला ज्यांनी ईडीसीवर काम भागवलं, त्यांनाही पालिकेला टपाली मताशिवाय पर्याय उरत नाही. ही गोष्ट प्रशिक्षणात कुणी समजावून सांगत नाही. 'मागच्या वेळी केंद्रावरच दिलं होतं की' म्हणत अर्ज न भरणारे याच गैरसमजात अडकतात.

त्यातही मुंबईत काम करून बाहेर राहणाऱ्यांचा पेच सगळ्यात मोठा. १५ जानेवारीला एकट्या मुंबईचं नाही, तर राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकाच दिवशी होतं. पालिका शाळेतले शिक्षक, वॉर्ड ऑफिसातले कारकून, अभियंते यांतले कितीतरी जण ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, नवी मुंबई किंवा पनवेलचे मतदार आहेत. त्यांची मतपत्रिका मुंबईच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नसतेच. ती त्यांच्या राहत्या शहराच्या अधिकाऱ्याकडून यायची आणि परतही तिकडेच जायची. अर्ज मुंबईत प्रशिक्षणाच्या ठिकाणी दिला तरी तो पुढे त्या शहरात पोचला का, याची खातरजमा स्वतः करायची. शिवाय मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक, म्हणून एकच मत. बाकीच्या २८ शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, साधारण चार जागांचे, आणि प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचं. यंत्रावर अ जागेचा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा फिका पिवळा, ड चा फिका निळा अशी रंगांची सोय केली होती. कागदावर मत देताना मात्र प्रत्येक जागा वेगळी वाचूनच खूण करायची. चारही मतं एकाच जागेच्या उमेदवारांवर उधळली, तर त्या जागेचं मत बाद आणि बाकीच्या जागा कोऱ्या.

अर्ज

अर्जाचा कागद एका पानाचा असतो, पण तो भरताना एक खड्डा हमखास लागतो. पालिकेसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका तारखेला गोठवतात (या खेपेला १ जुलै २०२५) आणि ती प्रभागवार फोडतात. फोडल्यावर तुमचा अनुक्रमांक बदलतो. विधानसभेच्या वेळी आलेल्या चिठ्ठीवरचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जसाच्या तसा अर्जात उतरवला, तर पलीकडच्या टेबलावर नाव सापडत नाही आणि अर्ज बाजूला पडतो. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या अॅपवर दिसणारी माहितीही विधानसभेचीच. पालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्ही संस्था वेगळ्या, दोघांची कार्यालयं वेगळी, अॅपही वेगळं. पालिकेचा प्रभाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक शोधायला राज्य आयोगाचं 'मताधिकार' अॅप किंवा त्यांचं यादीचं संकेतस्थळ वापरायचं. मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधायला गेलात तर 'सावंत' च्या स्पेलिंगपाशीच अर्धा तास जातो.

दुसरा गोंधळ 'वॉर्ड' या शब्दाचा. मुंबईत जी-उत्तर, के-पूर्व, एफ-दक्षिण यांनाही वॉर्ड म्हणतात आणि १ ते २२७ यांनाही. अर्जावर पाहिजे तो १ ते २२७ मधला आकडा. 'वॉर्ड: जी नॉर्थ' असं लिहिलेला अर्ज कुणाच्याच कामाचा नाही, कारण एका प्रशासकीय विभागात अनेक निवडणूक प्रभाग असतात.

अर्जासोबत नियुक्ती आदेशाची प्रत लागते, आणि ओळखपत्राची प्रतही जोडलेली बरी. आदेशावर तुमचं नाव आणि यादीतलं नाव यांत फरक असेल (लग्नाआधीचं आडनाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं), तर ओळखपत्राचा क्रमांक ठळक लिहा. लोकसभा-विधानसभेच्या नियमांत या अर्जाला नमुना १२ म्हणतात आणि तो मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोचवावा लागतो. ईडीसीचा नमुना १२-अ, त्याला चार दिवस. पालिकेत नमुन्यांचे क्रमांक सोडा, तारीखही शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. पहिल्या प्रशिक्षणाला जाताना यादीतले क्रमांक लिहून न्या आणि तिथेच अर्ज देऊन पोच घ्या. दुसऱ्या प्रशिक्षणापर्यंत थांबणाऱ्याच्या हातात पाकीट येतं, पण ते परत पोचवायला दिवस उरत नाहीत.

पाकिटात काय असतं, आणि मत कुठे मरतं

पाकिटात पाच वस्तू: मतपत्रिका, घोषणापत्र, लहान लिफाफा, मोठा लिफाफा आणि सूचनांचा कागद. विधानसभेच्या भाषेत घोषणापत्र म्हणजे १३-अ, लहान लिफाफा १३-ब, मोठा १३-क, सूचना १३-ड. पालिकेतही कामाची विभागणी हीच. लहानात मत, मोठ्यात लहान लिफाफा आणि त्याच्या सोबतीला घोषणापत्र.

ही रचना हुशारीची आहे, आणि त्याबद्दल सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. 'साहेबांना कळेल मी कुणाला मत दिलं' ही भीती कर्मचाऱ्यांत जुनी आहे. मोजणीच्या वेळी आधी मोठा लिफाफा उघडतात, घोषणापत्र तपासतात, आणि लहान लिफाफे उघडण्यापूर्वी सगळी घोषणापत्रं वेगळ्या पाकिटात सील करतात. नाव असलेला कागद आणि मत असलेला कागद एकाच वेळी टेबलावर उघडे नसतात. अडचण एवढीच की पालिकेत एका प्रभागात टपाली मतं थोडी. मोजणी प्रतिनिधीला माणूस कळत नसला, तरी 'कर्मचाऱ्यांनी कुणाला दिलं' याचा अंदाज येतोच.

सूचनांचा कागद मात्र सरकारी मराठीचा वाईट नमुना आहे. बारीक अक्षर, लांबलचक वाक्यं, 'उपरोक्त' आणि 'सदरहू' यांची रेलचेल. चित्र एकही नाही. दोन लिफाफे कसे घालायचे हे एका रेखाचित्राने पाच सेकंदांत कळलं असतं. ते नसल्याची किंमत मतांत मोजावी लागते.

आधी खूण. कागदावर खूण करायला बूथवरच्या बाणाच्या शिक्क्याची गरज नाही. पेनने टिक किंवा फुली, उमेदवाराच्या नावासमोरच्या चौकटीत, स्पष्ट. खूण पुसट झाली किंवा दोनदा झाली, पण कुणाला मत दिलंय हे कळत असेल, तर तेवढ्यावरून मत बाद होत नाही. बाद होतं ते दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर खूण केल्यावर, दोघांसमोर केल्यावर, किंवा काहीच न केल्यावर. आणि सगळ्यात मूर्खपणाची, तरीही पुन्हा पुन्हा होणारी चूक म्हणजे मतपत्रिकेवर सही. सरकारी माणसाला कागद दिसला की सही करायची सवय असते. मतदार ओळखू येईल अशी कोणतीही खूण किंवा अक्षर मतपत्रिकेवर असलं की ती संपली. 'नोटा' ची चौकट कागदावरही असते. स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगाने २०१८ मध्ये नोटाला काल्पनिक उमेदवाराचा दर्जा दिला. त्याला सर्वाधिक मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यावी लागते. तेव्हा नोटावरची खूणही मतासारखीच नीट करायची.

चूक झालीच तर पेनने खोडून दुरुस्ती करू नका. बिघडलेली मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे परत दिली तर ती रद्द करून दुसरी मिळू शकते, तशी तरतूद नियमांत आहे. फारच थोड्यांना ती ठाऊक असते.

मग घोषणापत्र. मतं सर्वांत जास्त इथे मरतात. या कागदावर मतपत्रिकेचा क्रमांक लिहायचा, सही करायची, पत्ता लिहायचा. ती सही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची आणि त्याने सही, पदनाम, पत्ता आणि शक्यतो शिक्क्यासह साक्षांकन करायचं. निवडणूक कामावरच्या माणसासाठी ज्या केंद्रावर नेमणूक आहे तिथला केंद्राध्यक्षही चालतो. पण केंद्राध्यक्ष भेटतो तो साहित्य वाटपाच्या दिवशी, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी. त्याच्यावर विसंबून राहणं म्हणजे शेवटची लोकल पकडण्यासारखं. कार्यालयातला राजपत्रित अधिकारी गाठा. साक्षांकनाला पैसे लागत नाहीत, आणि त्याने मतपत्रिका बघण्याचा प्रश्नच येत नाही. तो फक्त सही आणि ओळख बघतो. त्याच्यासमोर मत उघडं ठेवायचं नाही. आधी मत लहान लिफाफ्यात बंद करा, मग घोषणापत्र घेऊन त्याच्याकडे जा.

आता तीन आकडे जुळवायचे: मतपत्रिकेवरचा क्रमांक, लहान लिफाफ्यावर लिहिलेला क्रमांक, घोषणापत्रावरचा क्रमांक. मोजणीत घोषणापत्र आणि लहान लिफाफा यांचे क्रमांक पडताळतात. एक अंक जरी चुकला, तर लहान लिफाफा न उघडताच बाद. घोषणापत्रावर सही नाही, साक्षांकन नाही, किंवा घोषणापत्रच नाही, तरी तेच. आणि 'घोषणापत्रच नाही' हे बहुतेक वेळा खोटं असतं. ते असतं, फक्त लहान लिफाफ्यात मतपत्रिकेसोबत डिंकाने घट्ट बंद केलेलं असतं. तपासणारा मोठा लिफाफा उघडतो, त्यात एकच लहान लिफाफा निघतो, घोषणापत्र दिसत नाही. आत आहे का हे बघायला लहान लिफाफा उघडायची नियमात मुभा नाही. मताची खूण अचूक, उमेदवार पसंतीचा, सगळं खरं, तरी मत मेलं. म्हणून सोपा नियम: ज्या कागदावर तुमचं नाव आहे तो लहान लिफाफ्यात कधीच जात नाही.

दिलेला लिफाफा फाटला म्हणून बाजारातला दुसरा वापरू नका. सोबत आलेल्या लिफाफ्यातच मत परत यावं लागतं. डिंकाची पट्टी कोरडी असेल तर बाटलीतला डिंक लावा, पण स्टेपलची पिन मारू नका. उघडताना पिनेने मतपत्रिका फाटली तर तीही फेटाळायला निमित्त मिळतं.

मोठ्या लिफाफ्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता असतो. मुंबईत २२७ प्रभागांसाठी २३ निवडणूक निर्णय अधिकारी होते. म्हणजे एका कार्यालयात आठ-दहा प्रभागांच्या पेट्या. लिफाफ्यावरचा प्रभाग क्रमांक वाचून मगच टाका. पोस्टाने पाठवलं तर टपालखर्च तुम्हाला भरायचा नसतो, पण सुरुवातीला सांगितलं त्या कारणाने तो मोह टाळा. मोजणी सुरू व्हायच्या वेळेनंतर आलेला लिफाफा उघडत नाहीत. तो न उघडताच गठ्ठ्यात बांधून ठेवतात.

मोजणी

टपाली मतं पहिली मोजतात. १६ जानेवारीला मुंबईत मोजणी सकाळी दहाला सुरू झाली ती टपाली मतांनीच. थोडीथोडकी मतं म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी दोन आकडे लक्षात ठेवावेत.

२०१७ च्या पालिका निवडणुकीत दक्षिण मुंबईतल्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी टाकावी लागली आणि शाह निवडून आले. तिथे एकच मत जास्त असतं तर चिठ्ठीची गरजच पडली नसती.

दुसरा आकडा लोकसभेचा, पण मुंबईचाच. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. निकाल ४८ मतांनी फिरला. त्या मोजणीत बाद ठरलेली टपाली मतं होती १११, आणि त्यांची फेरतपासणी करावी लागली. जिंकण्याच्या फरकाच्या दुपटीहून जास्त मतं बाद! पाकीट भरताना लागणारी पाच मिनिटं कुठे खर्ची पडतात, हे समजायला यापेक्षा वेगळं उदाहरण नको.

आणखी एक गंमत. राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत यंत्रासोबत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारं यंत्र, जोडत नाहीत. त्यामुळे पालिका निवडणुकीत ज्याची कागदावर नोंद राहते, पुन्हा काढून बघता येते, असं मत टपाली मतदारांचंच. कामावरच्या माणसाचं मत यंत्रावरच्या मतापेक्षा जास्त तपासण्याजोगं आहे, पण ते तपासणीपर्यंत पोचायला हवं.

घरून मतदान: लोकसभेला मिळालं, पालिकेला नाही

सेवेवरची सर्वांत मोठी नाराजी इथे आहे. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत मुंबईत अनेक वृद्धांनी घरी बसून मत दिलं. त्यामुळे पालिकेच्या वेळी बऱ्याच घरांत 'आजींचा फॉर्म भरायचाय, बीएलओ (मतदान केंद्र पातळीवरचा अधिकारी) कधी येणार' अशी विचारणा झाली. उत्तर: येणार नाही. घरून मतदानाचा फॉर्म, १२-ड, हा १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला आहे. ते नियम लोकसभा आणि विधानसभेचे. पालिकेला ते लागू नाहीत.

तिथली सेवा कशी होती ते सांगायला हवं, कारण मागणी करायची तर तिचीच. वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ पासून ८५ झाली. दिव्यांगांसाठी अपंगत्व किमान ४० टक्के आणि त्याचं प्रमाणपत्र. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड भरून द्यायचा. मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा अशी चमू घरी येते. उमेदवारांच्या प्रतिनिधींना वेळ आधी कळवतात. पुठ्ठ्याचा आडोसा लावून मतदार मतपत्रिकेवर खूण करतो आणि घोषणापत्र-लिफाफ्याचं काम चमूसमोरच होतं. चुका कमी होण्याचं कारण हेच: साक्षांकन करणारा दारात उभा असतो. पहिल्या फेरीत मतदार घरी नसेल तर दुसरी फेरी, तिसरी नाही. एकदा १२-ड मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आणि हा अर्ज कायमचा नसतो. प्रत्येक निवडणुकीला नवा. लोकसभेला भरला म्हणून विधानसभेलाही माणूस येईल, असं धरून बसलेल्यांची तिथे फसगत झाली.

रेल्वे, अग्निशमन दल, आरोग्यसेवा यांसारख्या अत्यावश्यक सेवांतल्या लोकांनाही लोकसभेला १२-ड वर टपाली मतदान केंद्रात मतदानाच्या दिवसाआधी ठरवलेल्या तीन दिवसांत मत देता येतं. पालिकेच्या निवडणुकीत मोटरमनला किंवा रात्रपाळीच्या नर्सला ही सोय नाही. त्यांनी पाळी संपल्यावर किंवा सुरू व्हायच्या आधी केंद्र गाठायचं.

'नियम केंद्राचे, राज्य काय करणार' हे उत्तर मात्र पटणारं नाही. स्थानिक निवडणुकांचे कायदे राज्याच्या हातात असतात. केरळने २०२० च्या स्थानिक निवडणुकीत वटहुकूम काढून करोनाबाधित आणि विलगीकरणातल्या मतदारांना विशेष टपाली मतपत्रिका दिली. अधिकारी घरोघरी गेले. बिहारने जून २०२५ मध्ये काही नगर संस्थांच्या निवडणुकीत मोबाइल अॅपवरून मत देण्याचा प्रयोग केला. मोबाइलवरचं मत ही वेगळी आणि जास्त धोक्याची वाट आहे. मागे कागद राहत नाही, आणि फोन हातात धरून कोण उभं आहे हे कळत नाही. केरळचा मार्ग महाराष्ट्राला जास्त साजेसा. दोन लिफाफे आहेत, घोषणापत्र आहे, २०२४ ला घरोघरी फिरलेले कर्मचारी आहेत. लागतो तो नियमातला एक बदल.

तोवर ८५ च्या आजोबांपुढे केंद्राशिवाय पर्याय नाही. ज्येष्ठ, दिव्यांग, गर्भवती आणि तान्हं बाळ घेतलेल्या स्त्रियांना रांगेत प्राधान्य आहे. रांगेच्या टोकाला उभं राहून वाट बघायची नाही, दारातल्या पोलिसाला किंवा कर्मचाऱ्याला सरळ सांगायचं. व्हीलचेअर दारापर्यंत मिळते, पण इमारतीच्या फाटकापासून खोलीपर्यंतचं अंतर शाळेच्या पटांगणाएवढं असू शकतं. सोबतीला माणूस न्या, पाणी न्या, मोबाइल घरी ठेवा. केंद्रात मोबाइल नेता येत नाही आणि तो सांभाळायला तिथे कुणी नसतं. केंद्राचा पत्ता आदल्या दिवशी राज्य आयोगाच्या यादीतूनच बघा. विधानसभेला जिथे मत दिलं तेच केंद्र पालिकेला असेल असं नाही.

आणि कामावरच्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं: टपाली मतपत्रिका तुमच्या नावाने निघाली की यादीच्या चिन्हांकित प्रतीत नावापुढे 'पीबी' अशी खूण होते. नेमणूक रद्द झाली, राखीव ठेवून घरी पाठवलं, म्हणून १५ तारखेला सकाळी आपल्या प्रभागातल्या केंद्रावर गेलात, तरी ती खूण पाहून केंद्राध्यक्ष मत देऊ देणार नाही, पाकीट घरी कपाटात कोरं पडलेलं असलं तरी. ते त्याच दिवशी भरून, साक्षांकन करून, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पेटीत मोजणी सुरू व्हायच्या आत नेऊन टाकणं, एवढीच वाट उरते.